पेपर कोण काढतं यावर मुलाचे गुण किती हलतात?

तिरकी रेघ | सोमवार, रात्री ९:१२
नमस्कार मंडळी.
नववी-दहावीचा निकाल लागला की आपण मुलं, पालक, क्लास, मोबाइल अशी सगळ्यांची झाडाझडती घेतो. ज्या कागदावर हे गुण पडतात तो कागद कसा तयार होतो, यावर मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.
शाळेतल्या परीक्षांचे पेपर साधारण तीन वाटांनी येतात. विषयशिक्षक स्वतः काढतो, ही पहिली. मुख्याध्यापक संघ किंवा संस्थेच्या मध्यवर्ती कार्यालयाकडून तयार पाकीट येतं, ही दुसरी. तिसरी सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी कबूल करत नाही: मागच्या तीन-चार पीडीएफ उघडायच्या, इथला प्रश्न तिथे चिकटवायचा आणि वर शाळेचं नाव टाकायचं.
मुलगा तोच, अभ्यास तोच, तरी या तीन पेपरांत त्याचे गुण वेगळे येतात. हा फरक नेमका कुठून येतो? आणि शाळेच्या पातळीवर, जादा पैसे न घालता, काय सुधारता येईल? शिकवणाऱ्यांनी आणि तपासणाऱ्यांनी सविस्तर लिहावं. 'मुलं अभ्यासच करत नाहीत' हे गृहीत धरलेलं आहे, ते पुन्हा नको.

बे एके बे | रात्री ९:२०
मुलं अभ्यासच करत नाहीत. (हलके घ्या.)

खडूची धूळ | रात्री १०:०५
विषय चांगला काढलात. गणितापुरतं लिहितो.
फरकाचं मूळ संविधान तक्त्यात, म्हणजे पेपराच्या आराखड्यात आहे. बी.एड.ला सगळे तो करतात, नोकरी लागली की विसरतात. पेपर काढायला बसायचं तर आधी प्रश्न शोधायचे नाहीत, आधी रकाने आखायचे: उभे प्रकरणांचे, आडवे उद्दिष्टांचे (ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य). प्रत्येक चौकटीत किती गुण ते ठरवायचं, आणि मग त्या चौकटीला प्रश्न शोधायचा. उलटं केलं की आवडीच्या प्रकरणाचे प्रश्न भरमसाट होतात. बहुतेक गणित शिक्षकांना वर्गसमीकरणं आवडतात, अर्थनियोजन आवडत नाही. पेपर बघून शिक्षकाची आवड ओळखता येते.
दहावी बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. पण विकल्प धरून छापले जाणारे गुण ६० होतात. १अ आणि १ब मिळून ८ गुणांना विकल्प नाही. २अ मध्ये तीनपैकी दोन कृती, २ब मध्ये पाचपैकी चार, ३अ मध्ये दोनपैकी एक, ३ब मध्ये चारपैकी दोन, ४ मध्ये तीनपैकी दोन, ५ मध्ये दोनपैकी एक. हे ६० गुण सहा प्रकरणांत वाटायचे. नमुना देतो:
दोन चलांतील रेषीय समीकरणे १२
वर्गसमीकरणे १०
अंकगणिती श्रेढी ८
अर्थनियोजन ८
संभाव्यता ८
सांख्यिकी १२
एकूण ६०
आता खरी गोम विकल्पात आहे. चौथ्या प्रश्नात तीनपैकी दोन सोडवायचे. हे तीन उपप्रश्न तीन वेगळ्या प्रकरणांतले ठेवले, तर मूल एक प्रकरण बिनदिक्कत सोडू शकतं. पाचव्यातले दोन्ही एकाच प्रकरणातले ठेवले, तर ज्याला ते प्रकरण येत नाही त्याचे ३ गुण बसल्या जागी गेले. दोन्ही पेपर नियमाने बरोबर, गुण वेगळे. तिरकी रेघ, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

शाईचा डाग | रात्री १०:३१
+१. त्यात भर एवढीच की विकल्प समान काठिण्याचे नसतात, आणि त्याचा फटका मधल्या मुलांना बसतो. हुशार मूल तीनही वाचून सोपे दोन उचलतं. मधलं मूल पहिला दिसला तो सोडवायला घेतं, अर्ध्यात अडकतं, खोडतं, दुसरा घेतं. उत्तरपत्रिकेत काट मारलेलं अर्धं पान दिसलं की समजावं, दहा मिनिटं गेली. म्हणून विकल्पांतला सर्वांत अवघड उपप्रश्न पहिला ठेवू नये. साधी गोष्ट आहे, कोणी पाळत नाही.

पालक चिंचवडकर | रात्री १०:४४
वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मास्तुरे | रात्री ११:०२
थोडा विरोधी सूर लावतो. संविधान तक्ता, उद्दिष्टं, सगळं मान्य. पण एका माध्यमिक शिक्षकाकडे दोन विषय आणि चार-पाच तुकड्या असतात. घटक चाचण्या दोन, सत्र परीक्षा दोन, दहावीला वर सराव परीक्षा. त्यात बीएलओचं (मतदारयादीचं) काम, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं. आयतं पाकीट आलं तर तो ते का नाकारेल? आणि संघाचे पेपर सगळेच वाईट नसतात. चार अनुभवी शिक्षक बसून काढतात, एकट्याच्या पेपरापेक्षा बरे असतात.

तिरकी रेघ | रात्री ११:१५
मास्तुरे, पाकिटातला पेपर चांगला असेलही. अडचण अशी की तो या वर्गाला काय शिकवून झालंय ते विचारून काढलेला नसतो. पहिल्या सत्रात बऱ्याच शाळांत भूमितीचं वर्तुळ अर्धंच झालेलं असतं. स्पर्शिका झाली, चक्रीय चौकोन राहिला. पेपरात चक्रीय चौकोन आला की अख्खा वर्ग तो सोडतो. मग 'तो प्रश्न सोडून बाकीच्यांचे गुण धरा' असा तोंडी हुकूम निघतो आणि ४० पैकीचे गुण ३७ पैकीचे होतात.

शालिनीताई | रात्री ११:३८
आणि वेळापत्रक! एकच पाकीट पन्नास शाळांत. एक शाळा सोमवारी सकाळी घेते, दुसरी मंगळवारी दुपारी. सोमवारी संध्याकाळी पेपर यूट्यूबवर उत्तरांसकट हजर. मंगळवारच्या शाळेचा सरासरी निकाल दहा-पंधरा गुणांनी वर, आणि त्या गुणांवर पालकसभेत टाळ्या. पाकीट घ्यायचंच असेल तर दिवस आणि वेळ सगळ्यांची एकच हवी. नाहीतर निदान बहुपर्यायी प्रश्नांचा क्रम आणि आकडे शाळेने बदलावेत, अर्ध्या तासाचं काम आहे.

भूमितीप्रेमी | मंगळवार, सकाळी ७:५०
'आकडे बदलावेत' म्हणताय ते जपून. आकडा बदलून उत्तर काढून न बघणं हा शाळेच्या पेपरातला सर्वांत मोठा घोटाळा आहे. उदाहरण देतो.
'अवयव पद्धतीने सोडवा: क्ष² − १५क्ष + ५४ = ०'. ६ आणि ९, गुणाकार ५४, बेरीज १५. दोन गुण, तीन-चार मिनिटांचा मामला.
टाइप करताना ५४ चे ४५ झाले. आता ४५ च्या जोड्या घ्या: १ आणि ४५, ३ आणि १५, ५ आणि ९. बेरजा ४६, १८, १४. पंधरा येतच नाही. समीकरण चुकीचं नाही हो, सूत्राने उकली निघतात, पण मुळाखाली ४५ उरतात आणि उत्तरात ३√५ येतं. 'अवयव पद्धतीने' म्हटल्यामुळे तो प्रश्न सुटणारच नाही. मूल काय करतं? त्याला वाटतं आपलंच चुकतंय. तीनदा जोड्या लावतं, मागे जाऊन पुन्हा वाचतं, घाम फुटतो. नंतर सगळ्यांना ते २ गुण देऊन टाकले तरी गेलेली आठ मिनिटं आणि पुढच्या प्रश्नातली धडधड परत मिळत नाही. असे फुकटचे २ गुण सर्वांत जास्त नुकसान करतात ते ज्या मुलाने प्रामाणिकपणे प्रयत्न केला त्याचंच. ज्याने प्रश्न सोडला त्याला दोन गुण अधिक आठ मिनिटं!

बे एके बे | सकाळी ८:०३
म्हणजे प्रश्न सोडणे ही सुद्धा एक कला आहे. आम्ही त्यातले जाणकार.

खडूची धूळ | सकाळी ८:२०
भूमितीप्रेमींशी शंभर टक्के सहमत. उपाय एकच: पेपर काढणाऱ्याने नाही, दुसऱ्या शिक्षकाने, छापील प्रुफावरून (मूळ फाइलवरून नाही) पूर्ण पेपर हाताने सोडवायचा. सगळे विकल्प धरून ६० च्या ६० गुण, पायऱ्यांसकट. घड्याळ लावून. दोन तासांच्या पेपराला शिक्षकाला विकल्प वगळून ४० गुणांसाठी ४० मिनिटांपेक्षा जास्त लागले, तर तो पेपर मुलांना पुरणार नाही. तिप्पट वेळाचा ठोकताळा धरा.

शाईचा डाग | सकाळी ८:४१
भाषेला हा ठोकताळा चालत नाही. मराठीच्या कृतिपत्रिकेत (कृतींवर आधारलेल्या प्रश्नपत्रिकेत) ८० गुण, तीन तास. गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६, उपयोजित लेखन २४. शेवटचे २४ गुण म्हणजे पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, निबंध. सगळं लिहायचं काम, आणि ते शेवटी. पेपर काढणाऱ्याने अपठित उतारा लांबलचक घेतला, आकृत्या फार दिल्या, की मुलांचा पहिला दीड तास गद्य-पद्यातच जातो आणि निबंध अर्धा राहतो. मग निकालपत्रकात दिसतं 'लेखनात कच्चा'. तो लेखनात कच्चा नाही, त्याला वेळ मिळाला नाही.
आणखी एक वैताग म्हणजे आकृतिबंध. 'उताऱ्याच्या आधारे पूर्ण करा' म्हणून मधोमध गोल आणि चार चौकटी. उताऱ्यात मुद्दे तीनच. कारण कोणत्या तरी जुन्या पेपरातली चार चौकटींची आकृती तशीच उचललेली असते. मूल चौथा मुद्दा शोधत उतारा पाचव्यांदा वाचतं. हुशार मूल तिसऱ्याचे दोन तुकडे करून चौथी चौकट भरतं आणि गुण घेतं. काय मोजलं आपण?

मास्तुरे | सकाळी ९:१०
'स्वमत' विसरलात शाईताई. ३ गुण. मुलांची स्वतःची मतं गाईडमध्ये छापून मिळतात, चाळीस मुलांचं स्वमत स्वल्पविरामासकट सारखं.

रेघोट्या | सकाळी ९:२५
स्वमत गाईडमधलं असण्यात दोष पेपर काढणाऱ्याचाच आहे. पाठाखालचा स्वाध्याय जसाच्या तसा विचारला की पाठ केलेलं उत्तरच येणार. तीच कल्पना उताऱ्यातल्या एखाद्या ओळीला बांधून विचारा: 'लेखकाने केलेली ही निवड तुम्हाला पटते का? उताऱ्यातला एक आणि तुमच्या पाहण्यातला एक आधार द्या.' गुणदान आधीच लिहून ठेवा: मत १, उताऱ्यातला आधार १, बाहेरचा आधार १. गाईडमधलं उत्तर १ वर अडकतं. पहिल्या चाचणीत मुलं रडतात, दुसऱ्यापासून लिहायला लागतात.
विज्ञानातही तेच. 'पाण्याचे असंगत आचरण म्हणजे काय?' ही व्याख्या. 'थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे पाइप का फुटतात?' हे पुस्तकात असल्यामुळे आता तेही पाठांतर. त्याऐवजी काचेची पाण्याने काठोकाठ भरलेली बाटली आणि अर्धी भरलेली बाटली फ्रीजरमध्ये ठेवली तर कोणती फुटेल आणि का, असं विचारलं तर पाणी गोठताना फुगतं हे समजलं आहे का ते कळतं. गुण तेच २.

पालक चिंचवडकर | सकाळी १०:००
वाचनखूण साठवली. पण एक प्रश्न. असे नवे प्रश्न शाळेत विचारले आणि बोर्डाने पुस्तकातलेच विचारले, तर मुलांचं नुकसान नाही का? सरावाला वेगळं, मैदानात वेगळं.

रेघोट्या | सकाळी १०:१८
सगळा पेपर तसा काढायचा नाही. चालत आलेलं प्रमाण सोपे ३०, मध्यम ५०, कठीण २० टक्के. ४० गुणांत नवे ८ गुण पुरे. बाकीचे ३२ पुस्तकाच्या आसपासचे. सीबीएसईने दहावीला निम्मे गुण क्षमताधारित प्रश्नांना दिले आहेत, पुढे मागे राज्य मंडळाला त्या दिशेने जावंच लागेल.

सुपरव्हिजन संपेना | सकाळी ११:३०
दहावीच्या सराव परीक्षेबद्दल बोला की. काही शाळा प्रीलिम मुद्दाम कडक काढतात, 'घाबरले म्हणजे अभ्यास करतील' म्हणून. काही उलट मुद्दाम सोपी काढतात, पालक खूश राहावेत म्हणून. दोन्हींत त्या गुणांचा उपयोग शून्य.

मास्तुरे | सकाळी ११:४४
कडक प्रीलिमला माझा पाठिंबा आहे. बोर्डाच्या पेपरात अनपेक्षित काही आलं तर मूल गांगरत नाही.

शालिनीताई | दुपारी १२:०५
मास्तुरे सर, गांगरत नाही ते ८० च्या वरचं मूल. ५५ च्या आसपासच्याला प्रीलिममध्ये ३८ पडले की तो गणित सोडून भाषेवर भर देतो, 'बेस्ट ऑफ फाइव्ह' (सहापैकी चांगल्या पाच विषयांचेच गुण टक्केवारीत धरायचे) आहेच म्हणतो. २०१० पासून ही सोय आहे आणि गणिताला टांग मारायची वाट म्हणून ती मुलांना पाठ आहे. प्रीलिमची काठिण्यपातळी बोर्डाएवढीच हवी. कडक करायचं असेल तर ते डिसेंबरच्या चाचणीत करा, दुरुस्तीला दोन महिने राहतात. जानेवारी-फेब्रुवारीत धक्का देऊन काय मिळतं?

मास्तुरे | दुपारी १२:२०
डिसेंबरचा मुद्दा पटला.

कोकणीबाणा | दुपारी १:१५
या धाग्यात २०१९ अजून कसं नाही आलं? पेपराची रचना बदलली की निकाल किती हलतो याचा आख्खा राज्यावर झालेला प्रयोग आहे तो. मार्च २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत (शाळेने द्यायचे) २० गुण काढले, लेखी पूर्ण १०० ची केली. निकाल ७७.१० टक्के. आरडाओरडा झाला, अकरावीला सीबीएसई-आयसीएसईची मुलं पुढे जातात म्हणून. २० गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३०. मुलं एका वर्षात हुशार झाली नाहीत.

खडूची धूळ | दुपारी १:५०
कोकणीबाणा, आकडे बरोबर, निष्कर्ष घाईचा. २०१९ ला दहावीचा अभ्यासक्रम नवा होता, पहिलीच तुकडी. मराठीची कृतिपत्रिकाही पहिल्यांदाच. शिक्षकांनाही अंदाज नव्हता. तिन्ही गोष्टी एकाच वर्षी बदलल्या, त्यातलं किती कशामुळे ते वेगळं करता येत नाही. आणि २०२० ला भूगोलाचा पेपरच झाला नाही, टाळेबंदीमुळे रद्द होऊन सरासरीने गुण दिले.

कोकणीबाणा | दुपारी २:१०
मान्य, भेसळ आहे. पण पुस्तकं २०१९ आणि २०२० ला तीच होती, कृतिपत्रिकाही तीच. मुख्य बदल २० गुणांचा. वरचे १८ टक्के एकट्या भूगोलाने येत नाहीत.

शाईचा डाग | दुपारी २:३३
सवय हाही घटक धरा. दुसऱ्या वर्षी जुना पेपर हातात होता. नव्या आराखड्याच्या पहिल्या तुकडीला नेहमीच फटका बसतो, म्हणून आराखडा बदलला तर जूनमध्ये नमुना पेपर हातात पडायला हवा, दिवाळीत नाही.

सुपरव्हिजन संपेना | दुपारी २:४०
२०२१ पण आठवा. परीक्षाच नाही, निकाल ९९.९५ टक्के. त्यात ५० गुण नववीच्या निकालावरून होते. म्हणजे ज्या नववीच्या पेपराकडे कोणी ढुंकून बघत नाही, त्यावर अर्धी दहावी ठरली. मग अकरावीसाठी सीईटी घ्यायचं ठरलं, ते उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केलं.

रेघोट्या | दुपारी ३:०५
आणि 'परख'ने (एनसीईआरटीच्या मूल्यमापन केंद्राने) २०२४ च्या अहवालात बारावीच्या अंतिम गुणांत नववीचे १५, दहावीचे २०, अकरावीचे २५ आणि बारावीचे ४० टक्के धरावेत असं सुचवलंय. अंमलबजावणीचं पुढचं पुढे, पण तसं झालं तर शाळेत काढलेल्या पेपरांना थेट वजन येईल. तेव्हा ५४ चे ४५ झालेले परवडणार नाहीत.

बे एके बे | दुपारी ३:११
धागा दिल्लीला पोचला. परत आणा कोणीतरी.

भूमितीप्रेमी | दुपारी ४:०२
आणतो. सेमीवाल्यांचं दुःख. गणित-विज्ञान इंग्रजीतून, पेपर काढणारा मराठीत काढतो, मग शेजारी भाषांतर. 'किमान' आणि 'जास्तीत जास्त' यांची अदलाबदल हमखास होते. गंमत बघा. दोन नाणी फेकली, किमान एक छापा येण्याची संभाव्यता ३/४. जास्तीत जास्त एक छापा, ती पण ३/४! चूक असूनही उत्तर तेच, कोणाला पत्ता नाही. तीच फाइल पुढच्या वर्षी तीन नाण्यांवर नेली की किमान एक ७/८ आणि जास्तीत जास्त एक ४/८. आता मराठीवाल्यांना बरोबर, सेमीवाल्यांना चूक. भाषांतर दुसऱ्याने करावं आणि ते परत मराठीत सांगून बघावं, एवढंच.

सुपरव्हिजन संपेना | दुपारी ४:२०
छपाईचं मी लिहितो, कारण वर्गात हात वर होतात ते आमच्यासमोर.
एक: जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये आणताना वर्गाचा २ खाली उतरतो. क्ष² चं क्ष२ होतं. वजाचं चिन्ह गायब होतं किंवा त्याची नुसती टिंबासारखी रेघ उरते. फॉन्ट बदलल्यावर सगळी चिन्हं पेनाने टिकमार्क करून बघायची.
दोन: भूगोल. दहावीचं पुस्तक ब्राझील आणि भारत. ब्राझीलचा नकाशा झेरॉक्सची झेरॉक्स करून रिसोवर (प्रती काढायच्या यंत्रावर) टाकला की ॲमेझॉनचं खोरं म्हणजे काळा डाग. त्यात 'दाट लोकसंख्येचा प्रदेश दाखवा'. कुठे दाखवणार? नकाशा नेहमी मूळ प्रतीवरून घ्यायचा, छटा काढून नुसत्या रेषा ठेवायच्या.
तीन: प्रश्न एका पानावर, त्याची आकृती मागच्या पानावर. भूमितीत मुलं दोन तासांत पंधरा वेळा पान उलटतात. ए-फोर वाचवायला हे करतात. अर्धं पान कोरं राहिलं तरी चालेल, आकृती प्रश्नाशेजारीच हवी.

शालिनीताई | दुपारी ४:५५
वाह सुपरव्हिजन! यातल्या एकाचाही मुलांच्या अभ्यासाशी संबंध नाही आणि गुण मात्र त्यांचेच जातात.

रेघोट्या | सायंकाळी ६:१०
बहुपर्यायी प्रश्नांवर कोणी बोललं नाही. भूमितीच्या पुस्तकात एक प्रसिद्ध प्रश्न आहे: कोणत्या तारखेतल्या संख्या पायथागोरसचं त्रिकूट आहेत? उत्तर १५/०८/१७. मुलं '१५ ऑगस्ट' म्हणून लक्षात ठेवतात, पायथागोरसचा संबंधच राहत नाही. शाळा तो वर्षानुवर्षं तसाच विचारतात आणि ९५ टक्के मुलांचा बरोबर येतो.
तोच असा करून बघा: (अ) ६/८/१४ (ब) ५/१२/१३ (क) ९/१२/१६ (ड) ३/४/०७.
ब बरोबर, २५ + १४४ = १६९. अ आणि ड कोण निवडतं? जो वर्ग न करता नुसती बेरीज करतो, ६ + ८ = १४, ३ + ४ = ७. क कोण? ज्याला ९-१२-१५ अर्धवट आठवतंय आणि जो पडताळा करत नाही. चुकीच्या पर्यायातून चूक कोणती ते कळलं पाहिजे. 'वरीलपैकी नाही' टाकून चौथी जागा भरणं हा आळस आहे.
आणि उत्तरं सगळी ब मध्ये ठेवू नका. पेपर काढणाऱ्याला पहिला आणि शेवटचा पर्याय द्यायला संकोच वाटतो, मुलांना ते माहीत असतं.

मास्तुरे | सायंकाळी ६:२२
अ आणि ड एकच चूक पकडतात. मग एक जागा वाया गेली की.

रेघोट्या | सायंकाळी ६:३०
खरंय. ड च्या जागी ८/६/१२ ठेवा. ६-८-१० चं त्रिकूट ओळखीचं म्हणून काही मुलं त्यावर जातील.

खडूची धूळ | सायंकाळी ७:१५
पेपर तपासून झाल्यावर करायचं एक काम सांगतो, कागद-पेन पुरे. ६० मुलांचा वर्ग धरा. उत्तरपत्रिका एकूण गुणांनी लावा. वरच्या २७ टक्के म्हणजे १६ आणि खालच्या १६ बाजूला काढा, मधल्या ठेवून द्या. आता एक प्रश्न घ्या. वरच्या गटात १४ जणांचा बरोबर, खालच्यात ५ जणांचा. काठिण्य निर्देशांक (एकूण किती जणांना जमला) १९ भागिले ३२, म्हणजे ०.५९. भेददर्शक निर्देशांक, म्हणजे प्रश्न हुशार आणि कच्च्यांत किती फरक दाखवतो, (१४ − ५) भागिले १६, म्हणजे ०.५६. उत्तम प्रश्न, जपून ठेवा.
दुसरा प्रश्न: वरच्यात ६, खालच्यात ९. भेद उणे ०.१९. हुशार मुलांचा चुकतोय आणि कच्च्यांचा बरोबर येतोय. नव्वद टक्के वेळा उत्तरसूचीच चुकलेली असते किंवा प्रश्नाची भाषा दुहेरी असते, हुशार मूल जास्त विचार करून फसतं. तो प्रश्न रद्द करून गुण पुन्हा लावा.
तिसरा: दोन्ही गटांत १६ पैकी १६. भेद शून्य. सुरुवातीला धीर द्यायला असे एक-दोन ठीक, पाच-सहा झाले की पेपर फुगला.
एका विषयाला पाऊण तास लागतो. प्रत्येक चाचणीतले चांगले पाच प्रश्न वहीत उतरवले, तर तीन वर्षांत स्वतःची प्रश्नपेढी होते, पाकीट मागवावं लागत नाही. मास्तुरेंच्या वेळेच्या तक्रारीवर माझं हे उत्तर.

मास्तुरे | सायंकाळी ७:४०
पाऊण तास गुणिले पाच तुकड्या... बरं. एका तुकडीवर करून बघण्यासारखं आहे.

पालक चिंचवडकर | रात्री ८:३०
पालकाने यातलं काय बघावं? एकूण गुण सोडून?

शालिनीताई | रात्री ८:५२
दादा, उत्तरपत्रिका घरी येते तेव्हा एकूण आकडा झाकून प्रश्ननिहाय गुण बघा. शेवटचे प्रश्न कोरे आहेत का? मग वेळेचा प्रश्न. काट मारलेली उत्तरं विकल्पांच्या प्रश्नात आहेत का? मग निवडीचा. पायऱ्या बरोबर आणि उत्तर चूक असूनही ० दिलाय का? मग गुणदान योजना पायरीनिहाय नव्हती, शाळेत जाऊन शांतपणे विचारा. बोर्डात पायऱ्यांना गुण असतात, चाचणीत ते दिले नाहीत तर मूल पायऱ्या लिहिणंच सोडून देतं. हे नुकसान मोठं, कारण ते मार्चमध्ये दिसतं.

तिरकी रेघ | रात्री ९:४०
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. वरचं सगळं धरून पहिल्या चाचणीपासून तीन गोष्टी तरी सुरू करता येतील असं दिसतंय. आपसांत पेपर बदलून प्रुफावरून सोडवणे, उत्तरसूची पायऱ्यांच्या गुणांसकट परीक्षेच्या आधी लिहिणे (तपासताना नव्हे), आणि एका तुकडीपुरता खडूच्या धुळीचा १६-१६ चा हिशोब. पाकिटाबद्दल मात्र अजून द्विधा आहे. लहान शाळेत गणिताला एकच शिक्षक असतो, तो पेपर कोणाशी बदलणार?

कोकणीबाणा | रात्री ९:५५
शेजारच्या गावच्या शाळेशी. व्हॉट्सॲपवर नको, छापील पाकिटात, एसटीने.

बे एके बे | रात्री १०:०४
एक बारीक शंका. खडूची धूळ, तुमच्या संविधान तक्त्याची बेरीज करून बघितली. १२, १०, ८, ८, ८, १२. माझ्याकडे ५८ येतात.

भूमितीप्रेमी | रात्री १०:०७
=)) =)) छत्तीस प्रतिसाद होऊन गेले आणि सगळे +१ करत बसलो!

खडूची धूळ | रात्री १०:१९
वर्गसमीकरणे १२ हवेत. एडिटची मुदत संपली आहे, संपादकांना कळवतो. बे एके बे, शनिवारी रिकामे असाल तर नववीचा पेपर पाठवतो, सोडवून द्या.